सुनेवरचा ठपका

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या तोंडी इतकी गुळगुळीत झाली आहे की, तिच्याआड एक आजार दडून बसला आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. माहुलच्या कोळीवाड्यात एखादी वृद्धा उत्तररात्री उठते. कैक वर्षांपूर्वी सोडलेल्या बाजाराला निघायचे म्हणून मासळीची पाटी शोधू लागते, आणि पाटी सापडली नाही की सुनेला चोर ठरवते. शेजारी म्हणतात, 'म्हातारचळ लागला.' मग आवाज खाली आणून पुढे म्हणतात, 'सुनेनं आबाळ केली असणार.' निदान झाले, निवाडाही झाला. वैद्याची गरज उरली नाही.

अशा समाजात एखाद्या मुलीने सांगितले की, स्मृतिभ्रंश झालेली माणसे आणि त्यांची शुश्रूषा करणारी माणसे यांच्या अभ्यासात मी आयुष्य घालवणार, तर आपण हसतो. म्हाताऱ्यांचे करायला पदवी कशाला? आपल्या आयांनी काय विद्यापीठात जाऊन सासूची सेवा केली? हे मी भल्याभल्या सुशिक्षितांच्या तोंडून ऐकले आहे आणि दरवेळी मला संताप आला आहे. कारण ज्या विद्वानांना आपण हसतो, त्यांनीच त्या मुकाट्याने राबणाऱ्या सुनेची बाजू मांडली आहे.

लॉरेन्स कोहेन हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ. काशीच्या मोहल्ल्यांत हिंडून त्यांनी १९९८ साली 'नो एजिंग इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हाताऱ्या माणसाची बुद्धी ढळली की आपण मेंदूकडे पाहत नाही, कुटुंबाकडे बोट दाखवतो, हे त्यांनी नेमके हेरले. पुढे २००१ मध्ये विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातील पाहणी मांडली. तेथेही लोक या अवस्थेला आजार मानीत नव्हते. ते तिला वार्धक्य मानीत आणि कारण विचारले की मुलांनी केलेल्या हेळसांडीकडे, आटलेल्या मायेकडे वळत. त्याच पाहणीत एक बोचरी नोंद आहे. ज्या कुटुंबसंस्थेची आपण टिमकी वाजवतो, ती सांगितली जाते तितकी भरवशाची नाही; सेवा पुष्कळदा वारशाच्या आशेवर तगून असते. गोव्यातली घरे आपल्याला परकी नाहीत, वाचकहो. हा आरसा आपलाच आहे.

'हे शहरी थेर, एकत्र कुटुंबे मोडल्याचे फळ', असे सांगणाऱ्यांना आता आकडेही उत्तर देतात. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था माहुलपासून हाकेच्या अंतरावर आहे. वृद्धत्वाची जी देशव्यापी पाहणी तिने चालवली, तिच्याशी जोडलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आहे. कुटुंबे मोडल्याने बुद्धी नासत असती, तर खेडी सुरक्षित राहिली असती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांच्या वाट्याला हा आजार जास्त येतो, हे खरे दुखणे आहे. ज्या पिढीने मुलींच्या हाती पाटीपेन्सिल न देता मासळीची पाटी दिली, तिच्या वंशजांनी सुनांना दोष देऊ नये. 'लॅन्सेट' आयोगाने २०२० मध्ये या आजाराच्या जोखमींत दूषित हवाही घातली. माहुलची हवा काय आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून झाले आहे. सुनेच्या स्वयंपाकघरात गुन्हा शोधण्याआधी धुराड्यांकडे मान वर करून पाहायला काय हरकत आहे?

कायद्याचीही नजर तिरपी. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांच्या कैदेची तरतूद केली, ते योग्यच झाले. पण जी टाकून देत नाही, दाराला पाठ लावून रात्र काढते, नोकरी सोडते, तिच्यासाठी त्यात काय आहे? आमचे धर्मगुरू पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांसाठी कम्युनियन घेऊन घरोघर येतात. सासूच्या उशाशी प्रार्थना होते. महिनोन्‌महिने मिस्साला जाऊ न शकलेली सून दारात मेणबत्ती धरून उभी असते, आणि तिला कोणी 'बाई, तू झोपलीस का?' असे विचारीत नाही.

तिला कोणी विचारले तर काय होते, हे अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात करून दाखविले. त्यांनी ८१ कुटुंबे निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांतील ४१ घरी सहा महिने मदत पोहोचवली. जाणाऱ्या कार्यकर्त्या काही मोठ्या डॉक्टर नव्हत्या. बारावीपर्यंत शिकलेल्या, आठवडाभर प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक स्त्रिया होत्या. पाठीशी तज्ज्ञ होते. हा आजार आहे, कोणाचा दोष नाही, एवढे त्यांनी समजावले, वागायचे कसे ते दाखवले, ऐकून घेतले. म्हातारी माणसे बरी झाली नाहीत, होणारही नव्हती. पण शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. २००८ मध्ये हे छापून आले.

छापून आले ते इंग्रजीत. येथे माझे भांडण विद्वानांशीही आहे. प्रश्नावली घेऊन उंबऱ्यापर्यंत येता, सुनेचे रडणे गुणांकांत मांडता, निबंध प्रसिद्ध होतो, बढती होते. मग तो कागद तिच्या भाषेत तिच्या हाती परत का येत नाही? तिच्या दुःखावर तुमची कारकीर्द उभी राहिली यात गैर काही नाही, पण तिची काही देणी लागतात. माहुलमध्ये बारावी झालेल्या मुली गल्लोगल्ली आहेत. आजाऱ्यांच्या नावांची यादी चर्चच्या कार्यालयात तयार आहे. देवनारही फार दूर नाही.