मधुमेह आणि 'ती' गोळी

मधुमेहाचे रुग्ण पायांची आग सांगतात, धूसर दिसतं ते सांगतात. लिंगाला ताठरता येत नाही हे मात्र सांगत नाहीत. मग दुकानातून चिठ्ठीशिवाय सिल्डेनाफिल आणतात. माझा आक्षेप गोळीला नाही, या लपवाछपवीला आहे.

गोळी चांगली आहे. ती इच्छा निर्माण करत नाही, फक्त रक्तपुरवठा वाढवते. संबंधाच्या साधारण तासभर आधी घ्यावी. तेलातुपाच्या जेवणावर घेतली तर परिणाम उशिरा होतो. मधुमेहात मज्जातंतूही बिघडलेले असतात, म्हणून गुण इतरांपेक्षा कमी येतो. पहिल्या गोळीने काही झालं नाही म्हणून निराश होऊ नका, आणि मनानेच दुप्पटही घेऊ नका. डोस डॉक्टर ठरवतील.

छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत असाल, तर मात्र ही गोळी अजिबात नको. दोन्ही मिळून रक्तदाब इतका घसरतो की जीवावर बेतू शकतं. शिवाय लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बऱ्याचदा त्या आधी अरुंद होतात. म्हणजे ही तक्रार हृदयविकाराची पहिली सूचनाही असू शकते. दुकानदाराला ते कसं कळणार? पुढच्या तपासणीला साखरेचा रिपोर्ट दाखवताना हेही सांगा, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी.