रात्रीचं ओलित बंद करू या
भंडारा जिल्ह्यातील सर्व गावांना जाहीर आवाहन



उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकून झाले. रोवणी लागली की पुन्हा तेच सुरू होईल. शेतीच्या फिडरवर थ्री फेज लाईन कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की घरातला कर्ता माणूस टॉर्च आणि काठी घेऊन निघतो, मोटार सुरू करतो आणि धुऱ्यावर बसून बांधी कुठे फुटते ते बघत राहतो. पायाखाली साप आहे की काय, दिसत नाही. कोका, नागझिरा आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत वाघ, बिबट, रानडुकरांची धास्ती वेगळीच. घरी बाई जागीच असते. हे आपण इतकी वर्षं सोसलं की आता त्यात काही वावगं आहे असंही वाटेनासं झालं आहे.

सौरऊर्जेने ते बंद करता येतं. त्यासाठीच हे आवाहन.

‘शेतीचं बिलच माफ आहे, मग सोलार कशाला?’ पानठेल्यावर हा प्रश्न हमखास येतो. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल 2024 ते मार्च 2029 बिल नाही, हे खरं. पण माफ झालं ते बिल, रात्रीची पाळी नाही. सौर पंप सूर्यासोबत उठतो, ऊन असेतो पाणी देतो आणि संध्याकाळी माणसाला घरी पाठवतो.

धानाच्या जिल्ह्यात एक शंका मात्र रास्त आहे. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असताना पंप चालणार कसा? कमीच चालतो, कधी चालतही नाही. पण तेव्हा बांधीत पाणी असतं. आपला धान मरतो तो पावसाच्या खंडात. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस दडी मारतो, धान निसवायला आलेला असतो, बांधीला भेगा पडतात आणि ऊन कडक तापलेलं असतं. नेमक्या त्याच उन्हावर हा पंप भरपूर पाणी ओढतो. धोका असलाच तर दुसरा आहे. बिल नाही, पाळी नाही म्हटलं की विहीर, बोअर दिवसभर उपसली जाणार. उन्हाळी धान आधीच पाण्याला खादाड. सौर पंप बसवणाऱ्याने निदान थोड्या जमिनीत भाजीपाला किंवा कडधान्य घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ज्यांच्याकडे विहीर किंवा बोअर आहे पण वीजजोडणी नाही, त्यांच्यासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. अडीच एकरापर्यंत 3 अश्वशक्तीचा पंप, पाच एकरापर्यंत 5 चा, त्यापुढे 7.5 चा. पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडे, म्हणून कागद जपून ठेवा. अर्ज आणि पैसे महावितरणच्या पोर्टलवरच. ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात एक रुपयाही देऊ नका.

जोडणी आधीच असेल तर मार्ग वेगळा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्या उपकेंद्रावरच्या शेतीच्या फिडरला दिवसा वीज मिळते. राज्याचं उद्दिष्ट 16,000 मेगावॉटचं आहे. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये मिळतात, दरवर्षी त्यात 3 टक्के वाढ होते. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला तीन वर्षं दरवर्षी 5 लाख रुपये. जागा कुठली द्यायची हे मात्र गावाने ठरवावं. गुरं चरण्याची जमीन सहजासहजी सोडू नका. उद्या कोणी मामा (माजी मालगुजारी) तलावांवर पॅनेल तरंगवायची कल्पना घेऊन आलंच, तर आधी ढिवर बांधवांना विचारा. तलावाच्या मासळीवर त्यांची चूल पेटते.

आता घरांचं. पीएम सूर्यघर योजनेत छपरावरच्या संचाला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला 30,000 रुपये अनुदान आहे, तीन किलोवॉट किंवा जास्तीला एकूण 78,000. एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे तीन किलोवॉटवर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. कूलर-पंख्यांनी फुगलेलं मे महिन्याचं बिल त्यात बसतं. एक गोष्ट विक्रेते मोकळेपणाने सांगत नाहीत: बॅटरी नसलेल्या संचात लाईन गेली की घरची वीजही जाते. तसं मुद्दाम केलेलं असतं. नाहीतर तुमच्या छतावरून उलटी गेलेली वीज खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव घेईल. वानरांचा त्रास असलेल्या गावांत पॅनेलवर जाळी हवी का, हेही आधीच विचारून घ्या. कवेलूच्या घरावर हा भार टाकू नका. परसात लोखंडी स्टँड उभा करता येतो.

‘आपण चार पॅनेल लावून काय होणार?’ असं म्हणणाऱ्यांनी नकाशा बघावा. पूर्वेला तिरोड्याचं 3,300 मेगावॉटचं औष्णिक केंद्र, पश्चिमेला मौद्याचं 2,320 मेगावॉटचं, मध्ये आपण. वैनगंगेचं पाणी दोघांनाही लागतं. गोसीखुर्द धरणासाठी 1988 मध्ये पायाभरणी झाली तेव्हापासून या जिल्ह्याने शेतं दिली, घरं दिली, पुनर्वसनाच्या रांगा पाहिल्या. छपरावरच्या विजेला कोणाचंही गाव उठवावं लागत नाही. देशाची सौर क्षमता जानेवारी 2025 मध्ये 1 लाख मेगावॉटच्या पुढे गेली. आपल्याच जिल्ह्यातल्या बेला ग्रामपंचायतीला डिसेंबर 2024 मध्ये दिल्लीत कार्बन न्यूट्रल विशेष पंचायत पुरस्कार मिळाला. साताऱ्यातल्या मान्याचीवाडीने तर सगळी घरं सौर करून दाखवली. ही गावं काही वेगळ्या मातीची नाहीत. तिथे ग्रामसभेला कोरम भरतो, एवढाच फरक.

म्हणून विनंती अशी. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला यावं, बायांनी आवर्जून यावं. जिल्हा परिषद शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत आणि नळयोजनेचा पंप सौरऊर्जेवर नेण्याचा ठराव करून तो गावाच्या विकास आराखड्यात घालावा. थकलेल्या पाणीपट्टीमुळे नळयोजनेचं बिल थकतं, वीज तोडली जाते आणि बाया हंडे घेऊन हातपंपावर जातात, हे तरी थांबेल. रात्री ओलित करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचं नाव, पंपाची अश्वशक्ती आणि फिडर लिहून गावाची एकच यादी तयार करावी आणि ती ठरावासह महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो, दोनशे सह्यांचा राहत नाही. शिकलेल्या पोरांनी पोर्टलवरचे अर्ज भरून द्यायला ग्रामपंचायतीत दोन संध्याकाळी बसावं.

विषयपत्रिकेवर हा विषय यावा म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी अर्ज याच आठवड्यात द्या.