परलोकाच्या भयावाचून सदाचार

सदाचाराला परलोकाचा आधार लागतोच, असा एक जुना पूर्वपक्ष आहे. दुष्कृत्याचे फळ या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी भोगावे लागते, ही धास्ती नाहीशी झाली तर जो तो स्वार्थामागे धावेल आणि समाजाची घडी विस्कटेल, असे या पक्षाचे म्हणणे असून, त्यामागे असलेली मनुष्याच्या दुबळेपणाची जाण खोटी म्हणता येणार नाही.

तथापि भयाने दुष्कृत्य टळले, तरी सौजन्य निर्माण होत नाही. नरकाच्या भीतीने चोरी टाळणारा आणि शिपाई दिसल्यामुळे ती टाळणारा यांच्या हेतूंत तत्त्वतः भेद नसतो. पुण्याच्या लोभाने केलेले दानही देवघेवीतच मोडते, आणि फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, हा निष्काम कर्माचा उपदेश परंपरेनेच केला आहे, याचा या पक्षाला विसर पडतो.

अनुभवाची साक्षही त्याच्या विरुद्ध आहे. गोपाळ गणेश आगरकर (1856–1895) हे अज्ञेयवादी, म्हणजे ईश्वर व परलोक यांविषयी निश्चित ज्ञान होऊ शकत नाही असे मानणारे होते. तरीही मोठ्या पगाराच्या नोकरीचा मार्ग सोडून त्यांनी अल्प वेतनावर अध्यापन पत्करले, 1888 मध्ये ‘सुधारक’ हे वृत्तपत्र काढून बालविवाह व विधवांचे केशवपन यांविरुद्ध लिहिले, आणि सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली तरी लेखणी खाली ठेवली नाही.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, आगरकरांचे चारित्र्य हे श्रद्धाळू समाजाच्या संस्कारांचेच फळ होते. तो मान्य केला तरी सद्गुण सवयीने अंगी बाणतात, हे ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात मांडलेले मतच त्यातून बळकट होते. कारण श्रद्धा सुटल्यावरही संस्कार टिकला, तर त्याचे टिकणे श्रद्धेवर अवलंबून नव्हते. मात्र केवळ सवयही पुरेशी नाही, कारण अस्पृश्यतासुद्धा पिढ्यान्‌पिढ्या चांगले वळण म्हणूनच शिकवली गेली. म्हणून वळणाला विवेकाची, म्हणजे आपल्या आचरणाची झळ कोणाला पोहोचते हे तपासण्याच्या वृत्तीची, जोड हवी.

अंगवळणी पडलेले सद्वर्तन सतत विवेकाच्या कसोटीवर घासून पाहणे, हेच सदाचारी जीवन होय. ते श्रद्धावंताला साधते, तसेच श्रद्धाहीनालाही साधते. विवेक गहाण टाकणाऱ्याला मात्र कोणताही परलोक ते मिळवून देऊ शकत नाही.