लाइन घेताय? आधी सांभाळणारा माणूस शोधा

2022 साली रांजणगावला 297 एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर मंजूर झालं. चांगली गोष्ट आहे. मोठ्या कंपन्यांच्या मागोमाग भोसरी-चाकणचे छोटे उद्योजकही सर्किट बोर्ड जोडणीच्या धंद्यात उतरू पाहतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: मशीन कुठलं घेऊ?

माझं स्पष्ट मत आहे की ब्रँड नंतर बघा. मशीन बंद पडलं तर इंजिनिअर कुठून येणार आणि किती तासांत, हे आधी विचारा. तो चेन्नईहून येणार असेल तर तेवढे दिवस तुमचा माल अडकला आणि बँकेचा हप्ता चालूच राहिला. सर्व्हिसची वेळ आणि सुट्या भागांचे दर कोटेशनमध्येच लेखी घ्या.

दुसरं, कॅटलॉगमधल्या वेगाला भुलू नका. 'तासाला अमुक हजार पार्ट' हा आकडा आदर्श परिस्थितीतला असतो. आपल्याकडे दोनशे बोर्डांची ऑर्डर संपली की लगेच दुसरं मॉडेल लागतं. मग फीडर बदलण्यात जो वेळ जातो, तोच तुमचा खरा वेग ठरवतो. जुनं मशीन स्वस्तात मिळतंय? घ्या की! पण सोबत फीडर किती मिळतात आणि कंपनी त्याचे पार्ट अजून देते का, ते बघून घ्या.

सगळा पैसा पार्ट बसवणाऱ्या मशीनवर जातो, पण सोल्डरिंगचे बरेचसे दोष त्याच्या आधीच, पेस्ट छापताना होतात. पेस्ट फ्रिजमधून काढून लगेच उघडली तर तिला दमट हवेतलं पाणी सुटतं, आणि पावसाळ्यात तर फारच. बिनशिशाचं सोल्डर साधारण 217 अंशांना वितळतं, म्हणून ओव्हनचं तापमान नियमित मोजावं लागतं. लाइट गेली की ओव्हनमधले बोर्ड आतच भाजतात. निदान कन्व्हेअरला तरी यूपीएस हवाच. नोझल साफ करणं, फीडर तपासणं ही गुरुवारच्या सुट्टीत उरकायची कामं, पण ऑर्डर आली की पहिला बळी त्या गुरुवारचाच जातो.

आता सरकारला एक विनंती. उद्योगांच्या सवलती मोजताना इमारत आणि यंत्रं मोजली जातात. ती यंत्रं सांभाळणाऱ्या पोराकडेही त्या हिशोबात तेवढंच लक्ष हवं. क्लस्टरमध्ये एक चालती लाइन फक्त शिकण्यासाठी ठेवा. शिरूर-खेडच्या आयटीआयची पोरं तिथे नोझल साफ करण्यापासून ओव्हन लावण्यापर्यंत सगळं हाताने शिकतील. छोट्या युनिटला घराजवळचा माणूस मिळेल आणि पोरांना कंत्राटी ऑपरेटरपेक्षा बरी नोकरी मिळेल.

तुमच्याकडे मशीन बंद पडल्यावर माणूस किती दिवसांनी आला? खाली जरूर लिहा.