पुस्तकांची हद्दपारी

अमेरिकेंतील मेक्सिकन वंशाच्या लोकांचें साहित्य शाळेंत शिकविल्यास वंशद्वेष माजेल व राष्ट्राचें ऐक्य ढासळेल, असें म्हणणारा एक पक्ष आहे. हें मत आम्हांस केवळ चुकीचेंच नव्हे, तर अनर्थकारक वाटतें.

२०१० सालीं ॲरिझोना संस्थानानें कायदा करून, विशिष्ट वंशाच्या विद्यार्थ्यांसाठीं योजिलेले अगर वंशावंशांत तेढ वाढविणारे अभ्यासक्रम निषिद्ध ठरविले. शब्द गोंडस होते. घाव मात्र टूसॉन शहरांतील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रमावर पडला. २०१२ च्या जानेवारींत ते वर्ग बंद झाले आणि सात पुस्तकें वर्गांतून हलविण्यांत आलीं.

आतां या साहित्यांत द्वेष कोठें आहे, तें पाहूं. रुडॉल्फो अनाया यांच्या १९७२ च्या 'ब्लेस मी, उल्तिमा' या कादंबरींतील बालकाची ओढाताण होते ती पित्याचें गुराखी कुळ व मातेचें शेतकरी कुळ यांमध्यें. सांद्रा सिस्नेरोस यांची १९८४ सालची एस्पेरांझा स्वतःचें घर मागते, आणि आपल्याच वस्तींतील बायकांना कोंडणाऱ्या पुरुषांकडे बोट दाखविते. ग्लोरिया आन्साल्दुआ यांनीं १९८७ सालीं स्वसमाजाच्या रूढींवरही तितकेच कठोर प्रहार केले. जें साहित्य आपल्याच घराचे दोष उघडे करतें, त्यास वंशाभिमानाची दारू म्हणणें हा वाचन न करतां दिलेला निवाडा होय!

इतिहास शिकविला कीं कटुता येते, असाही आक्षेप आहे. टूसॉनचा प्रदेश मेक्सिकोकडून १८५३ च्या करारानें अमेरिकेकडे गेला. घरें जागच्या जागीं राहिलीं. सरहद्द तेवढी सरकली. ही गोष्ट शिक्षकानें दडविली म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ती लोपत नाहीं. उलट, पुरावा व विचार यांची जोड न मिळाल्यानें ती नुसती ठसठस होऊन राहते. कटुतेस उतार अभ्यासाचाच, मौनाचा नव्हे.

२०१७ च्या ऑगस्टमध्यें न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनीं निर्णय दिला कीं, हा कायदा करण्यामागें व तो लागू करण्यामागें वंशद्वेषच होता. द्वेषाचा आरोप करणारांच्याच पदरीं द्वेष निघाला! परंतु निकाल लागेपर्यंत जीं मुलें त्या पुस्तकांवांचून शाळेबाहेर पडलीं, त्यांचीं तीं वर्षें कोणतें न्यायालय परत देणार? साहित्यास भिणाऱ्यांनीं याचें उत्तर द्यावें.