घोंगडे भिजतच, गालिचा मात्र कोटींचा

बीड : २०२४ च्या उत्तरार्धात मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने मराठवाड्यात 'घोंगडी बैठक' हा शब्द घरोघरी पोहोचविला. त्या बैठकांची राजकीय चर्चा पुष्कळ झाली. ज्या वस्तूच्या नावाने त्या भरल्या, तिची विचारपूस मात्र कोणी केली नाही. दख्खनच्या माळरानावरील मेंढ्यांच्या लोकरीतून आज कातरणीची मजुरीही सुटत नाही. उलट जून २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सतराव्या शतकातील एका इराणी गालिच्याला ३ कोटी ३७ लाख डॉलर मोजले गेले. तोही लोकरीचाच होता.

कारागिरीपुरती ही तुलना विषम आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. इराणी गालिच्यात ताण्याच्या दोन उभ्या धाग्यांभोवती लोकरीची एकेक गाठ हाताने मारतात, ओळ पुरी झाली की बाणा घालून पंजाने ठोकतात आणि शेवटी लव कातरून सारखी करतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अर्दबिल गालिच्यात चौरस इंचाला सुमारे ३४० गाठी आहेत. म्हणजे एका चौरस फुटात जवळजवळ ४९ हजार! कुशल विणकराने दिवसाला आठ-दहा हजार गाठी मारल्या, तरी एवढ्याशा तुकड्याला पाच-सहा दिवस लागणार. मंजिष्ठेचा तांबडा आणि निळीचा निळा रंग वयानुसार उतरत नाही, तर निवतो. पायाखाली घासून लोकरीला जी झळाळी येते, तिचेच रसिकांना वेड असते.

पण किंमत केवळ गाठींची नसते. अर्दबिल गालिच्यावर मक्सूद काशानीचे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४० हे साल विणलेले आहे. गालिचा कोणत्या गावचा, कोणत्या काळचा, कोणाकोणाच्या हाती राहिला, हे सांगता येते म्हणून जुनेपण तेथे भांडवल ठरते. अर्थात नाव अडचणीतही आणते. अमेरिकेने २०१० मध्ये इराणी गालिच्यांची आयात रोखली, २०१६ मध्ये मोकळीक दिली आणि २०१८ मध्ये पुन्हा बंदी घातली.

घोंगडीला ना गाठ, ना लव, ना नक्षी. काळी लोकर पिंजायची, सूत काढायचे, ताण्याला चिंचोक्यांची खळ द्यायची आणि खड्ड्याच्या मागावर साधी वीण विणायची. तिचे सौंदर्य उपयोगात आहे. पावसात ती चटकन भिजत नाही आणि थंडीत ऊब देते. देवकार्यात तिला मान आहे. सनगर आणि धनगर समाजांतील कित्येक घरांनी ही विद्या जपली. मात्र आजोबांची घोंगडी कोणी विणली, हे नातवाला सांगता येत नाही. जुनी झाली की ती गोठ्यात जाते.

दख्खनला गालिच्याची ओळख नव्हती असे नाही. बीड ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानातील वरंगळचे गालिचे १८५१ च्या लंडन प्रदर्शनात मांडले गेले होते. तेथील सतरंज्यांना २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बीडलाही हा मार्ग अनोळखी नाही. येथील सीताफळाने तो २०१६ मध्येच गाठला आहे. मग घोंगडीसाठी अर्ज करा, अशी सूचना कोणीही करील. प्रस्तुत प्रतिनिधीला ती अपुरी वाटते, कारण खरी गळती मागाच्याही आधी आहे.

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास. मटणाला भाव आल्यापासून मेंढपाळांचा ओढा माडग्याळसारख्या उंच, अंगावर लोकर तुरळक असलेल्या मेंढ्यांकडे आहे, आणि व्यवहार पाहता त्यांना दोष देता येणार नाही. कातरलेली लोकर प्रसंगी रानातच टाकून दिली जाते. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी अंथरूण-पांघरुणाची गरज केव्हाच भागविली आहे. अशा स्थितीत लोकर रंग आणि प्रतीनुसार निवडून, कातरणीच्या हंगामात वाड्यावरच ती रोखीने विकत घेणारी यंत्रणा आधी हवी. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या नावात मेंढी पहिली आहे. विणकराचे नाव, गाव आणि साल घोंगडीच्या काठावर टाचण्यास तर फारसा खर्चही येणार नाही.