शिरेतून पोषण : चूक होते ती आकडा उतरवताना

आतड्याचा मोठा भाग शस्त्रक्रियेत काढावा लागलेल्या काही रुग्णांना तोंडावाटे घेतलेले अन्न पुरत नाही. त्यांच्यासाठी ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्ध पदार्थ, क्षार व जीवनसत्त्वे फार्मसीत एका पिशवीत मिसळून मोठ्या शिरेतून दिली जातात. अमेरिका-ब्रिटनमध्ये अनेक जण ही पिशवी घरीच रात्रभर लावतात आणि दिवसा कामाला जातात. सोय मोठी आहे, पण मिश्रणात चूक झाली तर ती थेट रक्तात जाते.

2006 मध्ये लास व्हेगासच्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी जस्त मायक्रोग्रॅममध्ये लिहिले होते, फार्मसीत ते मिलिग्रॅम झाले. म्हणजे हजारपट. बाळ दगावले. 2010 मध्ये शिकागोजवळ डॉक्टरांची ऑर्डर संगणकात बरोबर होती. पिशवी भरणाऱ्या यंत्रात ती पुन्हा हाताने टाइप केली गेली आणि सोडियम साठपटीहून अधिक पडले. यंत्राची धोक्याची सूचना बंद होती. तेही बाळ वाचले नाही. यंत्र हुशार असले तरी टाइप केलेला आकडाच पाळते.

या घटना रुग्णालयातल्या, जिथे परिचारिका आणि प्रयोगशाळा हाताशी असतात. घरी पिशवी लावणारा स्वतः रुग्ण किंवा त्याची आई. खरा धोका डिस्चार्जच्या दिवशी असतो : रुग्णालय प्रमाण ‘प्रतिलिटर’ लिहिते, बाहेरची फार्मसी ‘प्रतिपिशवी’ मोजते आणि मध्ये कुणीतरी गुणाकार करते. म्हणूनच प्रौढांसाठी सगळे घटक ‘प्रतिदिन’ आणि मुलांसाठी ‘प्रतिकिलो प्रतिदिन’ असेच, ऑर्डरवर आणि लेबलवर सारख्याच क्रमाने लिहावेत, असे अमेरिकेतील तज्ज्ञ संस्था सांगते. महागड्या यंत्राआधी हा कागद सुधारायला हवा. दुसऱ्या फार्मासिस्टने हिशेब नव्याने करावा; पहिल्याचा बघून मान डोलावणे म्हणजे तपासणी नव्हे.

कॅल्शियम व फॉस्फेटचे गणित चुकले की मिश्रणात बारीक खडे धरतात. त्यामुळे झालेल्या दोन मृत्यूंनंतर 1994 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा दिला आणि नळीत फिल्टर लावण्यास सांगितले. स्निग्धांश असलेल्या दुधाळ पिशवीत हे खडे दिसत नाहीत. तेल वेगळे होऊन पिवळसर रेघ आलेली मात्र दिसते. अशी पिशवी लावू नये. नव्या पिशवीचे लेबल मागच्या पिशवीशी ताडून पाहणे घरच्यांनाही जमते. आकडा बदलला असेल तर आधी फोन, मग सुई.

आपल्याकडे घरी असे पोषण घेणारे थोडेच. मात्र तीन कप्प्यांच्या तयार पिशवीत पोटॅशियम वा जीवनसत्त्वे अनेकदा वॉर्डातच सिरिंजने मिसळली जातात, आणि तिथे दुसरी नजर बहुधा नसते.